कोवळ्या झाडाचे बेचके फाटण्याआधी करावयाची छाटणी

आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेतील सोनमोहर, लावल्यापासून बाराव्या वर्षी, मे महिन्यातील एका संध्याकाळी वळवाच्या वाऱ्यात उभा फाटला. सुदैवाने त्या वेळी खाली कोणी नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटलेल्या जागेजवळ जाऊन पाहिले तेव्हा जे दिसले ते अजून डोळ्यांसमोरून गेलेले नाही. जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर, जेथे खोडाचे सारख्या जाडीचे दोन भाग झाले होते, तेथे फाटलेल्या जागेचा मधला वीतभर पट्टा काळपट, कोरडा आणि खडबडीत होता. ती साल होती. ताजे, ओलसर, फिकट लाकूड फक्त कडेने बोटभर रुंदीच्या पट्टीत दिसत होते. दोन्ही खोडे जसजशी जाड होत गेली, तसतशी त्यांच्यामधील साल दोहोंत चिरडून आत दबली गेली, आणि वरचा सगळा डोलारा इतकी वर्षे त्या बोटभर पट्टीवर तोलून राहिला होता. बागेत काम करणारे एक वयस्कर माळीमामा ते पाहून म्हणाले, “हितं झाडानं साल गिळलीया बघा सर. ह्ये कधी जुळल्यालंच न्हवतं.”

चूक माझी होती. ते झाड तीन वर्षांचे असताना त्या दोन खोडांपैकी एक माझ्या अंगठ्याएवढे जाड होते आणि सिकेटरच्या, म्हणजे छाटणीच्या कात्रीच्या, एका दाबात ते निघाले असते. पण हिरवी फांदी कापावयास मन झाले नाही आणि झाड जितके भरगच्च तितके चांगले, असेच तेव्हा वाटत होते. त्यानंतर कॉलनीतील आणि परिचितांच्या बागांतील बऱ्याच कोवळ्या झाडांची छाटणी मी स्वतः केली. त्यातून आणि वृक्षशास्त्राच्या वाचनातून जे पक्के झाले ते येथे क्रमाने मांडतो. हे लेखन मुख्यतः सावलीसाठी, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या किंवा घराच्या आवारात लावलेल्या आणि दोन ते दहा वर्षे वयाच्या झाडांसाठी आहे. फळबागेतील वळण देण्याची पद्धत वेगळी असते. तिचा उल्लेख पुढे थोडक्यात येईल.

दुर्बल बेचके कसे ओळखावे

फांदी खोडाला घट्ट धरून राहते ती एका विशिष्ट रचनेमुळे. दरवर्षी खोडाच्या लाकडाचे नवे थर फांदीच्या मुळाभोवती वळून तिला कवेत घेतात, आणि त्यामुळे फांदीच्या बुडाशी एक किंचित फुगीर कडे तयार होते. हे कडे तयार होण्यासाठी खोड फांदीपेक्षा बरेच जाड असावे लागते. फांदीची जाडी जोडाच्या ठिकाणी खोडाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी असेल, तर जोड सहसा मजबूत असतो. दोन्ही सारख्याच जाडीची असतील, तर कोणीच कोणाला कवेत घेत नाही, कडे तयार होत नाही आणि दोन खोडे केवळ शेजारी शेजारी वाढत राहतात. गलोल करण्यासाठी मुले ज्या प्रकारचे बेचके शोधत फिरतात, तेच हे सारख्या जाडीचे बेचके. मोठ्या वृक्षाच्या अंगी मात्र ते धोक्याचे असते.

त्यातही खरा धोका आत दबलेल्या सालीचा. तो बाहेरून ओळखता येतो. चांगल्या जोडात दोन फांद्यांच्या मध्ये, वरच्या बाजूस, साल उंचावून तिची एक खरखरीत वळी बाहेर आलेली दिसते. वाईट जोडात ही वळी नसते; उलट साल आत मुडपल्यासारखी दिसते आणि बेचक्यापासून खाली खोडावर एक काळी, चिरेसारखी रेघ उतरलेली असते. झाड थोडे मोठे झाले की या रेघेच्या दोन्ही बाजूंना खोड कानासारखे फुगते. दुबळ्या जागी जादा लाकूड घालून तो जोड सावरण्याची ती झाडाची धडपड असते. निमुळत्या, इंग्रजी व्हीच्या आकाराच्या बेचक्यात साल दबण्याची शक्यता जास्त असते हे खरे. परंतु केवळ कोनावरून निकाल देऊ नये. अरुंद कोनाची, पण खोडापेक्षा पुष्कळ बारीक असलेली आणि सालीची वळी स्पष्ट असलेली फांदी निर्धोक असू शकते. आधी जाडीचे प्रमाण पाहावे, नंतर साल पाहावी आणि कोन शेवटी.

हे समजून घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे कोल्हापुरात टाउन हॉलच्या बागेत किंवा शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात जाऊन जुन्या वृक्षांखाली उभे राहून वर पाहणे. जे वृक्ष वयाने मोठे होऊनही सुस्थितीत आहेत, त्यांच्या मुख्य फांद्या खोडावर एकाच जागी गर्दी न करता वेगवेगळ्या उंचीवर आणि वेगवेगळ्या दिशांना निघालेल्या बहुधा दिसतील. आपल्याला तीन-चार वर्षांच्या रोपात तीच मांडणी घडवावयाची असते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण तिच्याविषयी शिकलेल्या माणसांतही गैरसमज आढळतो. झाड उंच वाढले म्हणून त्याच्या खालच्या फांद्या वर सरकत नाहीत. आज जमिनीपासून पाच फुटांवर असलेली फांदी झाड साठ फूट झाले तरी पाच फुटांवरच राहते, फक्त मांडीएवढी जाड होते. झाडाची उंची केवळ शेंड्याकडून वाढते. त्यामुळे आज डोक्याच्या उंचीवर असलेले बेचके पुढे आपोआप वर निघून जाईल, ही आशा व्यर्थ आहे.

एकाऐवजी दोन शेंडे का येतात

शेंड्याच्या टोकाशी ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते खाली उतरत खालच्या डोळ्यांना, म्हणजे न फुटलेल्या कोंबांना, दाबून ठेवते. शेंडा शाबूत असेपर्यंत तो पुढे आणि बाकीचे मागे, अशी शिस्त राहते. शेळीने शेंडा खाल्ला, रोपवाटिकेत रोप भरगच्च दिसावे म्हणून तो खुडला गेला, तारेखाली येतो म्हणून कोणी वरून सपाट कापला, की ही शिस्त मोडते आणि खालचे दोन-तीन-चार डोळे एकदम उसळून सारख्याच जोमाने वाढू लागतात. मोकळ्या जागेत चारी बाजूंनी ऊन मिळते, म्हणून तेथे हा प्रकार अधिक होतो; दाट रानात प्रकाशासाठी वर धावावे लागत असल्याने झाडे बहुधा एकशेंडी वाढतात.

म्हणून रोप घेतानाच पाहावे. काळ्या पिशवीतील सर्वांत उंच किंवा सर्वांत दाट रोप घेण्यापेक्षा, ज्याचा शेंडा एकच आहे, बुडाशी खोड जाड आणि वर निमुळते होत गेलेले आहे, आणि ज्याची मुळे पिशवीत गोल गोल फिरून गुंडाळलेली नाहीत, असे रोप घ्यावे. गुंडाळलेल्या मुळांचा दोष वरच्या छाटणीने कधीच निघत नाही.

छाटणीचा काळ

कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेला गगनबावड्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा पूर्वेला शिरोळच्या बाजूस त्याच्या अगदी थोड्या अंशाने पडतो, त्यामुळे एकच तारीख सर्वांना लागू करता येत नाही. कोल्हापूर शहर आणि परिसरासाठी मी जानेवारीच्या मध्यापासून होळीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला मानतो. तेव्हा हवा कोरडी असते, बुरशीचे बीजाणू जखमेवर रुजण्यास ओलावा मिळत नाही, अनेक झाडांची पानगळ झालेली किंवा होत असल्याने फांद्यांची मांडणी उघडी दिसते, आणि थोड्याच दिवसांत नवी पालवी फुटू लागली की जखमेच्या कडेने नवी साल वळू लागते. शिवाय एप्रिल-मेमध्ये वळीव येण्याच्या आधी दुबळ्या बेचक्यावरील भार कमी झालेला असतो. आमच्याकडे कोवळी झाडे मोडतात ती बहुधा या वळवाच्या पहिल्या एक-दोन वादळांतच, कारण तेव्हा झाडावर नवा पाला भरलेला असतो आणि वारा अचानक दिशा बदलून सुटतो.

पावसाळ्यात, विशेषतः राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा या ओल्या भागांत, हिरव्या फांद्या कापणे टाळावे. पालवी ऐन फुटत असताना आणि पाने अजून तांबूस, कोवळी असतानाही कापू नये, कारण साठवलेले अन्न खर्चून झाड तेव्हा रिकामे झालेले असते. वाळलेली किंवा मोडलेली फांदी मात्र कोणत्याही महिन्यात काढावी. लावल्यानंतरच्या पहिल्या वर्षी याहून अधिक काहीच करू नये. जेवढी पाने जास्त तेवढी मुळे लवकर धरतात. फक्त रोपाला अगदी सारखे दोन शेंडे असतील, तर त्यांपैकी एक त्याच वर्षी खुडला तरी चालतो.

हत्यारे

कोल्हापूरच्या आसपास घरोघर ऊसतोडीचा कोयता असतो आणि झाड दिसले की हात तिकडेच जातो. उसाचे ठीक आहे. तो जमिनीलगत तोडला तरी खालच्या डोळ्यांतून खोडवा फुटतो. झाडाच्या फांदीवर कोयत्याचा घाव पडला की लाकूड पिंजते, साल खाली सोलवटते आणि घाव कोठे थांबेल यावर आपला ताबा राहत नाही. अंगठ्यापर्यंत जाडीच्या फांदीसाठी सिकेटर वापरावे, तेही असे की ज्याचे धारदार पाते दुसऱ्या पात्याच्या बाजूने कात्रीसारखे सरकते. सपाट पट्टीवर पाते आपटणारे सिकेटर कोवळे लाकूड चेंगरते. त्याहून जाड फांदीसाठी घडीची, ओढताना कापणारी करवत पुरेशी होते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पात्यांवरून सर्जिकल स्पिरिटचा बोळा फिरवावा, विशेषतः पहिले झाड रोगट दिसत असेल तर. कोवळ्या झाडाचे बहुतेक काम जमिनीवर उभे राहून होते. त्यासाठी शिडीवर चढून डोक्याच्या वर करवत चालवावी लागत असेल किंवा जवळून विजेची तार जात असेल, तर ते काम स्वतः करू नये. तारेजवळचे झाड असल्यास महावितरणला आधी कळवावे.

मुख्य शेंडा निवडणे आणि प्रतिस्पर्ध्याला मागे ठेवणे

या संपूर्ण कामाचा गाभा येथे आहे. झाडापासून थोडे दूर उभे राहून चारी बाजूंनी फिरून पाहावे आणि पुढे खोड म्हणून कोणता शेंडा राहील ते ठरवावे. तो सर्वांत सरळ असावा, शक्यतो सर्वांत जाड असावा, त्याला कीड किंवा जखम नसावी, आणि तो खोडाच्या मध्यावर असेल तर अधिकच उत्तम. थोडा वाकडा असला तरी हरकत नाही. दोन-तीन वर्षांत वाक भरून निघतो. एकदा निवड झाली की तो शेंडा कापावयाचा नाही, हे मनाशी पक्के करावे.

आता उरतो त्याचा प्रतिस्पर्धी. तो अंगठ्याएवढा किंवा त्याहून बारीक असेल आणि तो काढल्याने झाडाची चतुर्थांशाहून कमी पाने जाणार असतील, तर त्याच दिवशी बुडापासून काढून टाकावा. परंतु पुष्कळदा आपले लक्ष जाईपर्यंत तो मनगटाएवढा झालेला असतो आणि झाडाचा जवळजवळ निम्मा पाला त्याच्यावर असतो. असा शेंडा एकदम काढला तर मोठी जखम होते, मुख्य खोडाची इतके दिवस सावलीत असलेली साल उघडी पडून एप्रिलच्या उन्हात भाजते, आणि उपाशी पडलेले झाड खोडभर पाणसोट, म्हणजे सरळ वर धावणारे कोवळे फुटवे, फोडते. म्हणून त्याला मारून न टाकता मागे ठेवावे. म्हणजे असे की, त्याची उंची कमी करावी, पाने कमी करावीत, जेणेकरून त्याची वाढ मंदावेल आणि मुख्य खोड त्याच्यापेक्षा झपाट्याने जाड होत जाईल. दोन वर्षांत जाडीचे प्रमाण बदलले की मग तो फांदी म्हणून ठेवता येतो किंवा लहान जखमेत काढता येतो.

कळंब्याच्या बाजूच्या एका आवारातील कडुनिंबाचे उदाहरण सांगतो. तो लावून चार वर्षे झाली होती, उंची साधारण बारा फूट होती आणि जमिनीपासून चार फुटांवर त्याचे दोन भाग झाले होते. एक साधारण साडेपाच सेंटिमीटर जाड, दुसरा पाच. बेचक्यात सालीची वळी नव्हती आणि खाली टीचभर काळी रेघ उतरली होती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी, पाने विरळ झालेली असताना आम्ही कामाला लागलो. दुसऱ्या शेंड्यावर वरून खाली येत मी बाहेरच्या दिशेने जाणारी एक उपफांदी शोधली. शेंडा ज्या जागी कापावयाचा, तेथील त्याच्या जाडीच्या किमान एक तृतीयांश जाडीची ती उपफांदी हवी, ही अट महत्त्वाची आहे. त्याहून बारीक काडीवर आणून कापले तर उरलेला ठोंब वाळतो किंवा त्यातून केरसुणीसारखे फुटवे येतात. आठ फुटांच्या त्या शेंड्यावर साधारण पाच फुटांवर अशी उपफांदी सापडली आणि तिच्या लगेच वर, तिच्या उताराला समांतर असा तिरपा काप घेतला. म्हणजे वरचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग गेला. जे उरले त्यातील सरळ वर चढणारे तीन फुटवेही काढले. झाडाची एकूण पाने सुमारे पंचमांशाने कमी झाली असतील. झाडाकडे पाहणाऱ्याला काही केले आहे असे चटकन जाणवलेही नसते, आणि माझ्या मते चांगल्या छाटणीची हीच ओळख आहे.

पुढच्या फेब्रुवारीत मुख्य खोड बोटभराने जाड झालेले दिसले, दुसरा शेंडा मात्र जवळजवळ तेवढाच होता. तेव्हा त्याला आणखी खाली, बेचक्यापासून तीन फुटांवरच्या उपफांदीवर आणले. बेचक्यातील दबलेली साल पुढे सुधारण्यासारखी नव्हती, म्हणून तिसऱ्या फेब्रुवारीत तो बुडापासून काढावयाचे ठरवले. साल दबलेली नसती, तर त्याला खोडाच्या निम्म्याहून कमी जाडीची फांदी म्हणून तसाच राहू दिला असता.

एका वर्षात झाडाच्या चतुर्थांशाहून अधिक पाने काढू नयेत. झाडाला तीन-चार प्रतिस्पर्धी शेंडे असतील, तर सर्वांत मोठ्यापासून सुरुवात करावी आणि बाकीच्यांसाठी पुढील वर्षांची वाट पाहावी. घाई करून सगळे एकदम सुधारण्याचा मोह होतो; तो आवरावा.

शेंडाच मोडला असेल, तर त्याच्या खालच्या जोमदार फुटव्यांपैकी एक निवडून त्याला बांबूच्या काठीला मऊ कापडी पट्टीने सैलसर बांधून सरळ करावे आणि बाकीचे निम्म्यावर छाटावेत. एका हंगामात नवा शेंडा जागा घेतो. बांधलेली पट्टी मात्र पावसाळ्यानंतर आठवणीने सोडावी. ती विसरली गेली की खोडात रुतते, आणि मग वाऱ्यात झाड नेमके त्याच जागी मोडते.

काप नेमका कोठे घ्यावा

फांदी काढताना खोडाला अगदी घासून, सपाट कापण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे, कारण ते नीटनेटके दिसते. त्याने झाडाचे मोठे नुकसान होते. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे करवतीने उभी चिरून कूज आत कशी पसरते ते पाहिले आणि 1977 साली त्याविषयीची मांडणी प्रसिद्ध केली. झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही; झाड जखमी लाकडाभोवती आतून भिंती घालते, ते कायमचे कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. फांदीच्या बुडाशी असलेले फुगीर कडे हे त्या संरक्षणाचे ठाणे असते. खोडाला घासून कापले की कडे जाते आणि कूज थेट खोडात उतरण्यास वाट मिळते. उलट वीतभर ठोंब ठेवला तर तो वाळून कुजतो आणि त्याला झाकणे झाडाला वर्षानुवर्षे जमत नाही.

काप कड्याच्या लगेच बाहेर घ्यावा. वरच्या बाजूस सालीची वळी जेथे संपते तिच्या बाहेरून सुरुवात करून, खाली कडे जेथे संपते तेथे करवत निघावी. बहुधा हा काप खोडाला समांतर न येता किंचित तिरपा येतो. काप बरोबर बसला असेल, तर पुढे जखमेभोवती नव्या सालीची गोल, सारख्या जाडीची कडी तयार होते. कडी फक्त दोन बाजूंनी येऊन वर-खाली उघडे राहिले, तर काप खोडाच्या फार जवळ गेला होता असे समजावे. दोन सारख्या जाडीच्या खोडांपैकी एक काढताना कडे नसतेच. अशा वेळी वळीच्या बाहेरून तिरपे खाली उतरत कापावे. साल दबलेली असेल, तर करवत बेचक्यात वरून घालता येत नाही, म्हणून खालून वर कापत आणावे.

फांदी अंगठ्यापेक्षा जाड असेल, तर ती तीन कापांत उतरवावी, नाहीतर वजनाने पडताना ती खोडाची साल हातभर सोलून नेते. पहिला काप बुडापासून वीतभर पुढे, खालून, जाडीच्या चौथ्या हिश्शापर्यंत घ्यावा. दुसरा त्याच्या दोन बोटे पुढे, वरून, पूर्ण. त्यात फांदी तुटून खाली येते. उरलेला हलका ठोंब हाताने धरून तिसऱ्या कापात कड्याबाहेरून काढावा.

जखमेवर डांबर, ऑइल पेंट किंवा शेण थापण्याची आवश्यकता नाही. त्याने कूज थांबत नाही, उलट ओलावा आत कोंडतो. फळबागांतून वापरली जाणारी बोर्डो पेस्ट ही वेगळी गोष्ट आहे. ती बुरशीनाशक आहे. ओल्या भागात नाइलाजाने मोठा काप घ्यावा लागला, तर ती लावण्यास हरकत नाही. घरगुती प्रमाण 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना आणि 1 लिटर पाणी असे आहे. दोन्ही निम्म्या निम्म्या पाण्यात, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावे आणि त्याच दिवशी वापरावे. त्यात लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. अंगठ्याएवढ्या जखमेसाठी एवढा खटाटोप करू नये.

खालच्या आणि मधल्या फांद्या

रस्त्याकडेची झाडे लवकर उंच दिसावीत म्हणून खालच्या सगळ्या फांद्या साफ करून वर फक्त एक झुपका ठेवण्याचा प्रकार सर्वत्र दिसतो. असे खोड काठीसारखे वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचे राहते, वरचा भार त्याला पेलवत नाही आणि मग ते बांबूच्या आधाराशिवाय उभे राहत नाही. खालच्या बारीक फांद्या खोडाला अन्न पुरवतात, बुंधा जाड करतात आणि सालीवर सावली धरतात. त्या तात्पुरत्या आहेत हे मनात धरून ठेवाव्यात. फक्त शेंडे खुडून आखूड राखाव्यात आणि अंगठ्याहून जाड होऊ लागल्या की दरवर्षी दोन-तीन या बेताने काढाव्यात. झाडाच्या एकूण उंचीच्या किमान दोन तृतीयांश भागावर पाला असावा.

कायमच्या फांद्या त्यांच्या वर निवडावयाच्या. ज्या झाडाचा पुढे मोठा वृक्ष होणार आहे, त्याच्या मुख्य फांद्यांत खोडावर उभे अंतर साधारण दीड फूट असावे, लहान जातीत एक फूट पुरते. एकाच्या बरोबर डोक्यावर दुसरी येऊ नये आणि एकाच जागेतून तीन-चार निघालेल्या असतील तर त्यांतील एक-दोनच राखाव्यात. एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांतील कमकुवत काढावी. फांदीच्या आतल्या बाजूचे सगळे फुटवे ओरबाडून टोकाला तेवढा पाला ठेवू नये, कारण मग सगळे वजन टोकाशी जाते आणि वाऱ्यात फांदी चाबकासारखी हलून मोडते.

जातीनुसार धोरण

गुलमोहर, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष भराभर वाढतात आणि लवकर फाकतात. गुलमोहराचे लाकूडही ठिसूळ. यांच्याकडे पहिली आठ वर्षे दर फेब्रुवारीत जावेच लागते. करंज मुळातच आडवा पसरणारा असल्याने त्याला एकशेंडी ठेवण्यास कडुनिंबापेक्षा अधिक चिकाटी लागते. सप्तपर्णीला एकाच पेरावर चक्रासारख्या अनेक फांद्या येतात. प्रत्येक चक्रातील दोन-तीन ठेवून बाकीच्या दोन वर्षांत विभागून काढाव्यात, आणि तिचा चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून जपावे. ताम्हण, म्हणजे आपले राज्यपुष्प, लहान आवारात दोन-तीन खोडांचे ठेवले तरी शोभते, मात्र ती खोडे बुडाशी साल दाबून उभी नसावीत. वड, पिंपळ आणि उंबर पुढे आपल्याच मनाने फाकतात, म्हणून त्यांच्यात सुरुवातीच्या वर्षांत फक्त साल दबलेली बेचकी सोडवावीत. खोट्या अशोकाला या कामाची गरज पडत नाही. नारळ-सुपारीचा शेंडा कधीही कापू नये, कारण तेथे वाढीचा एकच कोंब असतो आणि तो गेला की झाड मरते. फळासाठी लावलेल्या आंब्याचे तत्त्व उलटे असते. तेथे झाड बुटके आणि पसरट हवे म्हणून शेंडा मुद्दाम दोन-अडीच फुटांवर छाटून तीन-चार फांद्या घेतात. तरीही त्या फांद्या एकाच बिंदूतून न घेता थोड्या थोड्या अंतरावर घ्याव्यात, हा नियम तेथेही लागू आहे.

महापालिकेच्या हद्दीत झाडांचे संरक्षण 1975 च्या राज्य कायद्याने होते आणि झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. रस्त्यावरील किंवा सार्वजनिक जागेतील झाडाला हात लावण्यापूर्वी, काम फांदीचे असले तरी, उद्यान विभागात लेखी विचारावे. लोखंडी जाळीतील झाडांकडे वर्षातून एकदा तरी पाहावे. जाळीची कडी खोडावर घासून पडलेली जखम बेचक्याइतकीच घातक ठरते.

कळंब्याच्या त्या कडुनिंबाचा दुसरा शेंडा तिसऱ्या फेब्रुवारीत बुडापासून निघाला. कापलेल्या तोंडावर दबलेल्या सालीची काळी रेघ स्पष्ट दिसत होती, पण ती दोन बोटांपेक्षा खोल गेलेली नव्हती. पावसाळा संपला तेव्हा जखमेभोवती करंगळीएवढी जाड, फिकट तपकिरी कडी वळली होती, आणि यंदा जाऊन पाहिले तर मध्ये फक्त करवतीचे पाते जाईल एवढी फट उरली आहे. झाड आता वीस फुटांच्या वर आहे. त्याच्या अकरा फुटांवर उत्तरेच्या बाजूची एक फांदी खोडाच्या निम्म्याहून जाड होऊ लागली आहे. तिच्या टोकाकडून तिसऱ्या भागावर चांगली उपफांदी आहे, आणि येत्या फेब्रुवारीत जमिनीवरून लांब दांड्याची करवत लावून तिला तेथवर आणावयाची आहे.